पोस्ट प्रोसेसर: कोटेशनमध्ये न दिसणारी फाइल



सीएनसी राउटरचं कोणतंही कोटेशन घ्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. स्पिंडल किती किलोवॅटचा, बेड किती बाय किती, मोटर स्टेपर की सर्व्हो, वॉरंटी किती महिन्यांची, सगळं लिहिलेलं असतं. डस्ट कलेक्टर फ्री, हे तर वेगळ्या रंगात छापलेलं असतं. पण मशीन रोज कशी वागणार हे ज्या फाइलवर ठरतं, तिचं नाव मी आजवर एकाही कोटेशनमध्ये पाहिलं नाही. ती फाइल म्हणजे पोस्ट प्रोसेसर. बोलताना सगळे नुसतं ‘पोस्ट’ म्हणतात. काही केबीची साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते आणि तुम्ही स्वतः बदलू शकता.

आता तुम्ही म्हणाल, हे इंजिनियर लोकांचं काम. मी बीबीएवाला आहे मित्रांनो. कोडिंगचा एकही पेपर दिलेला नाही. तरी माझ्या दुकानातल्या पोस्ट मीच बदलतो, आणि बॅचमध्ये सुतारकाम करणारे भाऊसुद्धा दोन दिवसांत शिकतात. म्हणून आज यावर सविस्तर लिहितोय. व्हिडिओत स्क्रीन दाखवता येते, पण असं का, हे नीट सांगायला वेळ पुरत नाही.

आपल्या राळेगावकडे राउटर मुख्यतः दारासाठी घेतात. दार, चौकट, देवघर, पलंगाचं डोकं. लाकूड सागवान. बाजूच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या कामासाठी गेलं, इतकं त्याचं नाव आहे. अशा लाकडाची रुंद फळी बेडवर लावली, तीन तास कोरीवकाम झालं आणि शेवटच्या मिनिटाला बिट त्यावरून रेघ ओढत गेली, तर ती फळी गिऱ्हाईक घेत नाही. फळीचे पैसे तुमचे, तीन तास तुमचे, आणि बँकेचा हप्ता त्या महिन्यातही त्याच तारखेला. म्हणून हा विषय फक्त टेक्निकल नाही.

पोस्ट करते काय?

तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस सगळ्यांनी पाहिलेला आहे. आपण त्याला आपल्या भाषेत सांगतो, की बाबा, सातबाऱ्यावर नाव चढवायचं आहे. तो ते कागदावर अशा साच्यात लिहितो, की आतला बाबू तो कागद परत पाठवत नाही. तलाठ्याकडचा साचा वेगळा, बँकेतला वेगळा. म्हणणं तुमचं तेच, मांडणी वेगळी.

पोस्ट म्हणजे हा अर्जनवीस. ॲस्पायर, आर्टकॅम, फ्यूजन, कोणतंही सॉफ्टवेअर असो, ते आधी बिट कुठून कुठे जाईल याचा मार्ग काढतं. तो मार्ग मशीनला थेट कळत नाही. पोस्ट त्या मार्गाचं जी-कोडमध्ये रूपांतर करते, आणि तेही तुमच्या कंट्रोलरला चालेल त्या बोलीत. माक-३ ची बोली एक, रिचऑटोच्या डीएसपी हँडलची दुसरी, छोट्या मशीनवरच्या जीआरबीएलची तिसरी. लोखंडकाम करणाऱ्यांकडे फानुक आणि सिमेन्स असतात, त्यांची आणखी वेगळी.

ही भानगड आजची नाही. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत एपीटी नावाची भाषा तयार झाली आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्यांनी पत्रकारांना बोलावून ती दाखवली. त्या भाषेतून मशीनवर कापलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे तेव्हा भेट म्हणून वाटला होता. तेव्हाच कामाचे दोन भाग झाले: मार्ग काढणारा मुख्य प्रोग्राम, आणि नंतर प्रत्येक मशीनसाठी वेगळा छोटा प्रोग्राम. नंतर चालतो म्हणून तो ‘पोस्ट’. पुढे जी-कोडचं स्टँडर्डही झालं, आरएस-२७४-डी. पण स्टँडर्डने जिथे मोकळीक ठेवली, तिथे प्रत्येक कंपनीने आपलं आपलं घातलं. त्यामुळे ‘जी-कोड सगळीकडे सारखाच’ हे अर्धंच खरं आहे.

फाइल उघडा, घाबरू नका

मी इथे ॲस्पायरची पोस्ट धरून सांगतो, कारण लाकूडकामात ती जास्त दिसते. (आर्टकॅम ऑटोडेस्कने २०१८ मध्ये बंद केलं. अजून ते वापरत असाल तरी त्याचीही पोस्ट टेक्स्टच असते, फक्त मांडणी वेगळी.) कोड मी देवनागरीत लिहितोय, पण फाइलमध्ये तो इंग्रजी मोठ्या अक्षरांतच टाकायचा.

पहिलं काम, मूळ फाइलची कॉपी. मूळ फाइलला हात लावायचा नाही. कॉपीचं नाव स्वतःचं आणि तारखेचं. फाइलच्या आत पोस्टचं नाव असलेली एक ओळ असते, तीही बदला. नाहीतर सॉफ्टवेअरच्या यादीत एकाच नावाच्या दोन पोस्ट दिसतील आणि घाईत चुकीची निवडली जाईल. आणि नोटपॅडच वापरा, वर्ड नाही. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून टाकतो आणि मग पोस्ट लोडच होत नाही.

फाइलच्या वरच्या भागात यादी असते. एक्स कसा लिहायचा, वाय कसा, झेड, फीड, स्पिंडलचा स्पीड. प्रत्येकाचे चार खाने, मध्ये उभ्या रेघा. त्यातला दुसरा खाना लक्षात ठेवा. तिथे ‘सी’ असेल तर आकडा बदलला तरच तो छापला जातो. ‘ए’ असेल तर प्रत्येक ओळीत छापला जातो. शेवटच्या खान्यात १.३ असेल तर दशांशानंतर तीन अंक. मिलिमीटरला एवढे बस्स होतात.

खालच्या भागात कप्पे आहेत. हेडर म्हणजे फाइलची सुरुवात. रॅपिड मूव्ह म्हणजे हवेतली धाव. फीड मूव्ह म्हणजे कापतानाची चाल. टूलचेंज, आणि शेवटी फूटर. प्रत्येक कप्प्यात अवतरणचिन्हांमध्ये ज्या ओळी आहेत, त्याच जी-कोडमध्ये उतरतात. एवढंच आहे बघा. ज्याला लग्नपत्रिकेचा मजकूर बदलून घेता येतो, त्याला हे जमतं.

तीन सेकंद की पन्नास मिनिटं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ हेडरमध्ये असते. स्पिंडल चालू करायला एम ३. पण स्पिंडलला पूर्ण वेग घ्यायला काही सेकंद लागतात. किती, ते व्हीएफडीच्या सेटिंगवर. त्या आधीच बिट लाकडात उतरली तर एकतर तुटते, नाहीतर सागवानाचे रेषे उचकटते. म्हणून एम ३ नंतर थांबायला सांगतात: जी ४, आणि पुढे पी म्हणजे किती वेळ.

आता मेख इथे आहे. पी चं माप कंट्रोलरप्रमाणे बदलतं. जीआरबीएलमध्ये पी म्हणजे सेकंद. फानुकमध्ये मिलिसेकंद. माक-३ मध्ये दोन्ही चालतं, जनरल कॉन्फिगमध्ये एक चौकोन आहे, तिथे टिक असेल तर मिलिसेकंद, नसेल तर सेकंद.

माझ्या एका बॅचमधल्या भावाचा फोन आला होता. “भाऊ, मशीन मेली. स्पिंडल फिरून राहिला, पण जागचा हलतच नाही.” कॉम्प्युटर फॉरमॅट मारून माक-३ नव्याने टाकलं होतं, आणि तेव्हापासून असं. मशीन देणाऱ्याच्या माणसाने फोनवरच सांगितलं होतं, की कार्ड गेलं असेल, नवीन मागवा. येण्या-जाण्याचा खर्च वेगळा. मी त्याला म्हटलं, कटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघड आणि पहिल्या दहा ओळी वाचून दाखव. त्यात निघालं जी ४ पी ३०००. पोस्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यात तीन सेकंद होते. पण नवीन माक-३ मध्ये तो टिक नव्हता, म्हणून मशीनने तीन हजार सेकंद धरले. पन्नास मिनिटं! मशीन मेली नव्हती, सांगितल्याप्रमाणे थांबली होती. चौकोनावर टिक केली, माक-३ बंद करून परत चालू केलं, काम सुरू.

याच्या उलट झालं तर जास्त वाईट. पोस्टमध्ये पी १० लिहिलंय आणि मशीन मिलिसेकंद धरतेय, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत बिट खाली. म्हणून दुसऱ्याकडून पोस्ट आणली की मी सर्वात आधी जी ४ ची ओळ बघतो. स्वतःच्या मशीनवर रिकामं चालवून, घड्याळ लावून मोजतो. स्पिंडलचा आवाज स्थिर व्हायला जेवढा वेळ लागतो, त्यात दोन सेकंद मिळवून आकडा टाकतो.

फूटर: तुमचा वेळ इथे सांडतो

काम संपल्यावर मशीन कुठे जाऊन उभी राहते, ते फूटर ठरवतो. बहुतेक तयार पोस्टमध्ये ती एक्स शून्य, वाय शून्यवर परत येते. म्हणजे बरोबर तुमच्या पुढ्यात, फळीच्या कोपऱ्यावर. मग पोरगा हँडल घेतो, गँट्री मागे ढकलतो, क्लॅम्प सोडतो, फळी काढतो.

समजा दिवसाला पंधरा लहान पॅनल निघतात आणि प्रत्येकामागे या प्रकारात दोन मिनिटं जातात. दिवसाला अर्धा तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेबारा तास. मशीनचा तासाचा दर तुम्ही काय लावता, त्याने गुणून बघा. आणि हे सगळं फूटरमधल्या एका ओळीने वाचतं: संपल्यावर गँट्री बेडच्या मागच्या टोकाला पाठवायची.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, झेड वर उचलायची ओळ आधी आणि वेगळी. एक्स, वाय, झेड तिन्ही एकाच जी ० च्या ओळीत टाकले तर तिन्ही मोटर एकदमच निघतात आणि बिट तिरकी वर जाते. खोल कोरीवकाम असेल तर कडेचा भाग सोबत घेऊन जाते. सुरुवातीला ज्या रेघेबद्दल बोललो, ती अशीच पडते. आधी झेड वर, मग एम ५ ने स्पिंडल बंद, मग एक्स-वाय.

दुसरी, वाय २४०० असा आकडा लिहिताना शून्य कुठे धरलंय ते बघा. कोपऱ्यावर धरलं असेल तर ठीक. फळीच्या मध्यभागी धरायची सवय असेल तर मशीन बेडच्या बाहेर जायला बघेल आणि शेवटच्या टोकाला धडकेल. माक-३ आणि जीआरबीएलमध्ये जी ५३ वापरून मशीनच्या स्वतःच्या मापाने जागा देता येते, मग काम कुठेही लावा. त्यासाठी होमिंग झालेलं असलं पाहिजे. ज्यांच्या मशीनला होम स्विच नाहीत त्यांनी जी ५३ च्या नादी लागू नये.

लाईट गेल्यावर

आपल्याकडे हा प्रश्न पुण्या-नाशिकपेक्षा मोठा आहे. तीन तासांच्या कामात दुसऱ्या तासाला लाईट गेली. हँडलवाल्या मशीन थांबलेली जागा लक्षात ठेवतात. पण लॅपटॉपवरून चालणाऱ्या छोट्या मशीनवर बरेच जण फाइल मधूनच कापतात आणि उरलेला भाग चालवतात. इथे तो दुसरा खाना आठवा. ‘सी’ असेल तर मधल्या एखाद्या ओळीत फक्त एक्सच लिहिलेला असू शकतो. वाय, झेड आणि फीड मागे कुठेतरी राहिले. मशीनला ते कुठून कळणार?

म्हणून लांब कामासाठी मी वेगळी पोस्ट ठेवली आहे, त्यात एक्स, वाय, झेड आणि फीड चारही ‘ए’. फाइल फुगते, फुगू द्या. पण कोणतीही ओळ घेतली तरी तिच्यात पूर्ण पत्ता असतो. वरच्या हेडरच्या ओळी, म्हणजे मिलिमीटरसाठी जी २१, अचूक जागेसाठी जी ९० आणि स्पिंडल चालू, या मात्र कापलेल्या फाइलच्या डोक्यावर परत चिकटवायच्याच. शिवाय झेड वर उचलून हवेतून त्या जागेपर्यंत नेणारी ओळही घाला. आणि लाईट गेली की मशीनची जागा विसरली जाते, तेव्हा फळीच्या कोपऱ्यावर शून्याची खूण पेन्सिलने आधीच केलेली असावी.

बाकीचे बदल थोडक्यात. टूलचेंजमधला एम ६, आपोआप टूल बदलणारी मशीन नसेल तर काढून टाका. जीआरबीएल तर एम ६ दिसला की एरर २० देऊन अडतं. प्रत्येक बिटची वेगळी फाइल काढा. गोलाईच्या जागी मशीनने भलामोठा चक्कर मारला तर आय-जे चं माप बघा. माक-३ ला हेडरमध्ये जी ९१.१ दिलं की ते गोलाईचं केंद्र सुरुवातीच्या बिंदूपासून मोजतं. आणि पोस्टमध्ये फीड बदलूनही हँडलवाल्या मशीनवर वेग तोच राहत असेल, तर पोस्टला दोष देऊ नका. हँडलच्या मेनूमध्ये फाइलमधला एफ वाचायचा की सोडून द्यायचा, असा पर्याय असतो, तो आधी पाहा.

‘ग’ गणपतीचा, पण मशीनला सांगू नका

एक गंमत फक्त आपल्यासारख्या मराठीत फाइलची नावं ठेवणाऱ्यांसाठी. काही पोस्ट हेडरमध्ये कंसात कामाचं नाव लिहितात. कंसातलं मशीन वाचत नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीत काही खास बाइट असे आहेत की ते कंसात असोत की बाहेर, कंट्रोलर ते वाटेतच उचलतो आणि लगेच हुकूम म्हणून पाळतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं होतं. ‘ग’ चा तिसरा बाइट हेक्समध्ये ९७ आहे, आणि जीआरबीएलमध्ये ९७ म्हणजे हवेतली धाव २५ टक्क्यांवर आणा. ‘ठ’ चा तिसरा बाइट कूलंटचा स्विच उलटा करतो. म्हणजे फाइलला ‘गणपती’ नाव दिलं, पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने कंस गाळला नाही आणि अक्षरं तशीच पाठवली, तर मशीन दिवसभर रेंगाळेल आणि तुम्ही बेल्ट घट्ट करत बसाल. हेडरमधली ती नावाची ओळ काढा. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. मराठी नाव वहीत लिहा.

बदल केल्यावर थेट सागवान लावायचं नाही. आधी बनलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी वाचा. बोट ठेवून, मोठ्याने. मग कॅमोटिक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघा. मग झेडचं शून्य कामाच्या जाडीपेक्षा भरपूर वर धरून हवेत चालवा, एक हात इमर्जन्सी बटणावर. मग एमडीएफचा तुकडा. चौथ्या वेळी लाकूड.

मशीन घ्यायच्या आधी

ज्यांचं अजून ठरतंय, पीएमईजीपी किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मितीमधून फाइल टाकताय, त्यांनी पुरवठादाराला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. कंट्रोलर नेमका कोणता? त्याची चालणारी पोस्ट पेनड्राइव्हवर मिळेल का? ती उघडून बदलता येते का? काही जण पोस्ट ‘लॉक’ करून देतात आणि प्रत्येक बदलाचे पैसे मागतात. असं असेल तर किंमत कमी असली तरी मी ती मशीन सुचवणार नाही. सॉफ्टवेअरचंही बघून घ्या. फ्यूजनचं मोफत वैयक्तिक लायसन्स धंद्यासाठी नाहीच, शिवाय त्यात २०२० पासून वेगवान धाव आणि एका फाइलमध्ये अनेक टूल बंद आहेत. ते फाइलमध्ये दिसेल आणि तुम्ही पोस्टमध्ये चूक शोधत बसाल. फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे, त्याच्या पोस्ट पायथनमध्ये असतात, जीआरबीएलचीही आहे. लोखंडाकडे जायचं असेल त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमच्या कोर्सची चौकशी करावी, तिथे पाया नीट बसतो.

आणि ज्यांना हे काम आवडेल, त्यांच्यासाठी यात एक छोटा धंदाही आहे. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, कुठेही जा, राउटर दिसतील, पण पोस्टला हात लावणारा माणूस सहज सापडत नाही. मी आधी गिऱ्हाइकाच्या मूळ पोस्टची कॉपी त्याच्याच पेनड्राइव्हवर ठेवतो, मग बदल करतो, आणि काय बदललं ते कागदावर लिहून सही घेतो. पैसे एमडीएफचा तुकडा नीट निघाल्यावर. पुढच्या व्हिडिओत फूटरची ओळ लाइव्ह बदलून दाखवणार आहे, तेव्हा तुमची पोस्ट नोटपॅडमध्ये उघडून बसा. कॉपी केलेली.